टेकडीवरची मंडळी

शनिवार, ३१ जानेवारी

पोहोचले एकदाची! जव्हारहून जीप, मोखाड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं आणि मग चढण. साठी उलटली तरी पाय कुरकुरले नाहीत. मिरजेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून एवढी उमेद कशानेच आली नव्हती.

चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, दाराशी मोहाचं झाड. प्रेसबिटेरियन पंथाच्या मंडळींचं एवढंसं चर्च मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याला शंभर वर्षं होतील, म्हणून आमच्या चर्चच्या कमिटीनं त्याचा इतिहास लिहायला मला पाठवलं आहे. आम्हाला ठाऊक आहे ते थोडकंच: शमुवेल पाळकांनी, इथल्या पहिल्या धर्मगुरूंनी, ते बांधलं, पटकीच्या साथीत मंडळीची सेवा करताना ते वारले, आणि उरलेली माणसं पांगली.

राखण नवसूबाबा करतात. ते ख्रिस्ती नाहीत, पण आजोबांपासून ही जबाबदारी त्यांच्या घरात आहे. मी पाळक आहे का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. नाही, बाई आहे शाळेतली, म्हटल्यावर निर्धास्त झाले. त्यांच्या बायकोनं, कमूताईंनी, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. चर्चलगतच्या खोलीत माझी खाट टाकली आहे. खिडकीतून डोंगरामागे डोंगर दिसतात.

रविवार, १ फेब्रुवारी

किती आनंदाचा दिवस!

सकाळी एकटीच चर्चमध्ये गेले. पुढचं बाक पदरानं पुसलं, बसले आणि मनात आलं ते गीत म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला मागून आवाज मिसळले. वळून पाहिलं तर बाकं भरलेली! बाया, लेकरं, म्हातारी माणसं. कोणाच्या हातात पुस्तक नाही, तरी सगळं तोंडपाठ. मग मीच वचन वाचलं, प्रार्थना चालवली. माणसं फार वाळलेली दिसली, ओठ फुटलेले. उन्हातान्हातून आली असतील.

आशीर्वादाला डोळे मिटले आणि उघडले, तोवर सगळी निघून गेली होती. लाजाळू माणसं. चहाला तरी थांबायचं!

मंडळी पांगली, असं कोण म्हणतं? इतिहासाची सुरुवात इथूनच करीन.

सोमवार, २ फेब्रुवारी

कमूताईंना कौतुकानं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला हंडा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

नवसूबाबा म्हणाले, "बाई, पाड्यात आता आमच्याबिगर कोनीच नाय. समदी वीटभट्टीवर गेली. शिमग्याला येतील."

दुसऱ्या पाड्यांवरून आली असतील, मी म्हटलं. आजूबाजूला कुठंच ख्रिस्ती घर नाही, असं ते म्हणाले. मग खालच्या आवाजात विचारलं, प्रार्थना कोणी चालवली? मी, म्हटलं. त्यांनी चर्चकडे पाहून हात जोडले.

पुन्हा जाऊन पाहिलं. माझं बाक स्वच्छ. बाकी सगळ्या बाकांवर धुळीचा जाड थर, त्यावर बोटाचाही ठसा नाही. दारही मी आत गेल्यावर लोटलं होतं. ते केवढ्यानं करकरतं. काल करकरलं नव्हतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

नवसूबाबा मला शेजारच्या साखरशेत गावाला घेऊन गेले. तिथं रुपी आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या आईनं लहानपणी ती साथ पाहिली होती.

आजींनी सांगितलं ते असं. पटकी आली तेव्हा शमुवेल पाळकांनी आपल्या सगळ्या माणसांना चर्चमध्ये गोळा केलं. इथं देव राखील, मी जव्हारहून औषध आणतो, तोवर गात राहा, असं सांगितलं. आणि कोणी बाहेर पडून रोग पसरवू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून गेले. आत पाणी संपलं. गावातली माणसं रोगाच्या भीतीनं जवळ गेली नाहीत. गाणं मात्र ऐकू येत राहिलं. रोज थोडे आवाज कमी. शेवटी एकच, लेकराचा.

पाळक वाटेत वारले का, मी विचारलं.

"नाय गो," आजी म्हणाल्या. "आला व्हता तो माघारी. माझी आय गवत कापीत व्हती, तिनं बघितला. टेकडीखाली हुबा राहून गाना ऐकला नि पाठ फिरवली."

दार पुढं नवसूबाबांच्या आजोबांनी उघडलं. सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटलं. ना नाव, ना प्रार्थना.

आजींच्या तरुणपणी एक पाळक तिथं उपासनेला आला होता. नंतर तो बाकावर बसलेलाच सापडला, तहानेनं मेलेला. दार उघडं होतं.

निघताना आजींनी माझा हात घट्ट धरला. त्यांना पाळक पाहिजे, म्हणाल्या. मिळाला का सोडत नाय.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल भर दुपारी बंद चर्चमधून गाणं आलं. उशी कानांवर दाबली. तरी आलं.

आज सामान घेऊन फाट्यावर उतरले. जीप आली, थांबली. नवसूबाबांनी पिशवी आत ठेवलीसुद्धा. तेवढ्यात टेकडीवरून आवाज आला. एकटाच. लेकराचा.

जीप सोडली.

टेकडीखाली उभं राहून, गाणं ऐकून पाठ फिरवायची — तेच मीही केलं तर? आतल्या माणसांसाठी कोणी माती देतानाची प्रार्थनासुद्धा म्हटलेली नाही. ती झाली तर सुटतील. सुटतीलच. देवाची माणसं आहेत ती.

नवसूबाबा खूप रागावले. आत येणार नाही म्हणाले, पण दारात उभे राहतील. कमूताई रडत होत्या.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळ. चर्चमध्येच लिहिते आहे.

दफनाची प्रार्थना म्हटली. पूर्ण. मातीला माती. आमेन म्हटलं — मागच्या बाकांवरून तेही आमेन म्हणाले. वाटलं, झालं.

मग ते पुन्हा गायला लागले.

पुन्हा म्हटली. पुन्हा आमेन. पुन्हा गाणं. घसा सुकला आहे. उठायला गेले तर दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली, खेटून. थंड. मघा हे बाक रिकामं होतं.

एका पोरीनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आहे. पाणी मागते. माझ्याकडे नाही —

दार उघडं आहे. ऊन दिसतं. नवसूबाबा दिसतात, मागे कमूताई. हाक मारली. पुन्हा मारली. ते आत बघताहेत, थेट माझ्याकडे —

कमूताईंना म्हणाले, "बाई आत नाय. मी पानी आनाया गेलो तवा गेल्या वाटतं. सुटल्या."

मी इथं आहे. नवसूबाबा, मी इथं, पुढच्या बाकावर —

हसले. केवढे हलके होऊन हसले. दार ओढून घेताहेत —

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. बाकांवरच्यांना वाटलं, मी गीत सुरू केलं. सगळ्यांनी माझा सूर धरला आणि