मूल कुणाकडे ठेवून आलात?

मंचर, १२ जानेवारी २०२५
॥ जय जिनेंद्र ॥

चि. टीना हिला आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माझे कान आता पार गेले. फोनवर तुझा आवाज नुसता भुणभुण लागतो, म्हणून कागद घेतला. तुझ्या दादाची सिद्धी शेजारी बसून माझं अक्षर सुधारते आहे.

रागावू नकोस, पण विचारल्यावाचून राहवत नाही. इंदरचंदकाकांनी तुम्हा दोघांना पेठच्या पुढे एका हॉटेलात पाहिलं. दारावर म्हणे पाटीच आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. असलं हॉटेल मी जन्मात ऐकलं नाही. संयमला जाऊन अजून वर्षही झालं नाही गं, लोक बोलतात. त्याचंही जाऊ दे. ओतूरहून पेठला जायचं तर मंचरवरूनच. माझ्या दारावरून गाडी गेली आणि तुम्ही उतरला नाहीत, ते लई लागलं.

काकांबरोबर तिळाचे लाडू पाठवते. डबा रिकामा परत करू नकोस, त्यात पत्र घाल. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी वाट पाहणारी,
आई


ओतूर, १९ जानेवारी २०२५

ती. आईस टीनाचा सा. न.

लाडू पोचले. डब्यात पत्र घालते आहे, आता तरी हसशील.

तुझा राग आला नाही. तू विचारलंस तरी. इथे कुणी विचारत नाही, नुसते बघतात.

दिवाळीनंतर जिनेशच म्हणाला की बाहेर जेवू. स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. शेजारच्या टेबलावर एक मुलगा डोशाची कुरकुरीत टोकं तेवढी मोडून खात होता आणि बाप त्याला मधलं खा म्हणून दटावत होता. आपला संयम तसंच खायचा. जिनेश उठला. मी बाहेर आले तर तो गाडीत स्टिअरिंगला कपाळ टेकून बसलेला. मग नारायणगावला गेलो, आळेफाट्याला गेलो. सगळीकडे मुलंच.

म्हणून ती पाटी आम्हाला बरी वाटली, आई. तिथे दारूबिरू नाही, कांदा-लसूण नको म्हटलं तर तसं देतात. आम्ही उन्हं असतानाच जेवून उठतो. मुलांना घरी ठेवून आलेली जोडपी असतात, गप्पा मारतात. आम्ही फारसं बोलत नाही. पण जिनेशचं ताट संपतं. घरी संपत नाही.

तुझ्याकडे उतरलो नाही, कारण दार सिद्धीने उघडलं असतं. ती नि संयम एका वयाची. तिचा काय दोष? पण जिनेश उंबऱ्यातूनच मागे फिरला असता. तो अजून संयमचं नाव घेत नाही. मी घेतलं तर उठून जातो.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
टीना


मंचर, २७ जानेवारी २०२५

चि. टीना हिला आशीर्वाद.

सिद्धी शाळेत गेल्यावर तुझं पत्र वाचलं. मागच्या वेळी लिहिलं ते मागे घेते. खुशाल जा, पोटभर जेवा. कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव, मला ऐकूच येत नाही, भांडण लवकर संपेल.

एकच मागते. दारासमोर गाडी जरा हळू करा. थांबू नका. मी ओट्यावर बसून बघेन.

तुझी,
आई


ओतूर, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आईस टीनाचा सा. न.

काल तू ओट्यावर दिसलीस. जिनेशने गाडी हळू केली, मान मात्र वळवली नाही.

हॉटेलात शेजारी एक तरुण जोडपं होतं. ऋषी आणि प्राची, घोडेगावचे. मुलगी झाल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकटी बाहेर पडलेली. प्राची घासाघासाला घरी फोन करून मुलगी रडते का विचारत होती, ऋषी तिला चिडवत होता. मग तिने सहज मला विचारलं की तुम्ही मूल कुणाकडे ठेवून आलात.

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेवढ्यात जिनेश म्हणाला की आजीकडे आहे, मंचरला. तिने नाव विचारलं. तो म्हणाला, संयम. आणि मग थांबलाच नाही गं. सायकलवरून पडून सारखे गुडघे फोडून घेतो, भेंडीशिवाय भाजी खात नाही, आजीच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून तिच्याशी बोलतो. मीही बोलू लागले. यंदा पाचवीत जाईल म्हणाले. आम्ही हसलो, आई. तेवढा वेळ आम्ही चारचौघांसारखे आईबाप होतो. निघताना ऋषीने कौतुकाने आमच्या कापड-दुकानाचा पत्ता घेतला.

परतताना तुझ्या घराच्या अलीकडे जिनेशने गाडी कडेला घेतली. म्हणाला की आता त्याला घ्यायला थांबायचं ना. मग आम्ही दोघं तिथेच रडलो. तुझ्या घरात दिवा दिसत होता. दारापर्यंत येण्याचं बळ नव्हतं.

एवढं खोटं बोललो. पाप लागेल का गं?

तुझी,
टीना


ओतूर, ९ मार्च २०२५

ती. आईंना जिनेशचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितो आहे. टीनाच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. रागावला असाल तर माझ्यावर रागवा, खोट्याला सुरुवात मी केली.

गुरुवारी ऋषी आणि प्राची दुकानात आले. मुलीच्या फ्रॉकला कापड हवं होतं, आणि संयमसाठी गुडघ्यांना बांधायच्या पट्ट्या आणल्या होत्या. ऋषी म्हणाला की साइजचा अंदाज आला नाही, त्याला बोलवा, लहान झाल्या तर बदलून आणतो. टीना आत निघून गेली.

शाळेत गेलाय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो माणूस पट्ट्या हातात धरून वाट बघत होता. मी म्हणालो की आम्हाला मुलगा होता. तापाने गेला, दिवाळीच्या आधी. 'होता' हा शब्द तोवर मी मनातसुद्धा म्हटला नव्हता.

ऋषी गादीवर माझ्याजवळ येऊन बसला. प्राची आत टीनाकडे गेली. त्यांची मुलगी माझ्या पुढ्यात उभी राहून संयमदादा कुठेय विचारू लागली. घरून सांगून आणली असणार. मी तिला सांगितलं की तो आता नाही. तिने मान हलवली. मी तिच्या फ्रॉकचं कापड फाडून दिलं.

सिद्धीसमोर यायचं धैर्य अजून नाही, उगाच खोटं कशाला लिहू? पण तुम्ही काही दिवस आमच्याकडे या. सिद्धी शाळेत असेल तेव्हा मी न्यायला येतो, गाडीतून उतरून येतो.

काल घरीच जेवलो. टीना फुलके करत होती आणि मी तिला संयमच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होतो. तिने हात थांबवले नाहीत, पण लक्ष माझ्याकडेच होतं. दोन फुलके करपले. आम्ही ते खाल्ले.

आमच्यावरची सावली काढून घेऊ नका, एवढंच मागणं.

आपला,
जिनेश