घाटावर चपला काढायची सोय

६ जानेवारी, सोम. सांगली

रेहानानं घाटावरचा माझा फलक आज पुसून टाकला. पालिकेच्या नावानं मी छान खवट सूचना लिहिली होती: 'नदी सापडल्यास कार्यालयीन वेळेत जमा करावी.' ती हसली, आणि हसत हसतच पुसली. म्हणाली, सर, ज्यांना ज्यांना खेळायला बसवलं ते सगळे फलकाला वळसा घालून पुढं गेले. पेपरातलं सदर बंद झालं तेव्हा वाटलं होतं, याहून कमी वाचक आता मिळायचे नाहीत. मिळाले.

तर सध्याचा धंदा असा. माधवनगरात अब्बासचाचांचा गादी कारखाना. खाली चाचा कापूस पिंजतात, वरच्या खोलीत त्यांची लेक रेहाना आणि मी एक गाव बांधतो. काँप्युटरवरच्या गेममधलं. त्या गावची नदी एके दिवशी उठून निघून गेली आहे आणि एक मुलगी कोरड्या पात्रातून तिला शोधत निघते. गोष्ट माझी, बाकी सगळं रेहानाचं. मला वाक्यं लिहायला घेतलं होतं. वाक्यं एकेक करून गेली, मी राहिलो. आता मी पायऱ्या मांडतो.

जिन्यातून कापसाचे तंतू वर येतात आणि खिडकीच्या उन्हात तरंगत राहतात. खाली बसायची त्यांना घाई नसते. रेहानानं तेही उचलून गेममध्ये घातलेत.

९ जानेवारी, गुरु.

अजून सगळं राखाडी. देऊळ म्हणजे ठोकळा, होडी म्हणजे ठोकळा, मुलगी म्हणजे उभा ठोकळा. रेहानाचा नियम: आधी ठोकळ्यांतून चालून बघायचं. तिथं जे जमत नाही ते नक्षी चढवूनही जमत नाही. मला दोन-तीन सत्कारमूर्ती आठवले.

दुसरा नियम खड्ड्याचा. उडी मारायला शिकवायचं तर पहिला खड्डा असा ठेवायचा की पडलं तरी माणूस मरू नये. चढून परत वर यावं, हसावं. मग पुढचा मोठा. आमच्या रस्त्यांवर हा क्रम कुणी पाळलेला दिसत नाही.

पहाटे स्वप्नात सांगली स्टँड. फलाट, गाड्या, चहावाला, सगळे राखाडी ठोकळे. फक्त सातारा गाडीला रंग होता. लाल. चढलो, तर आत पायऱ्याच पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी कुणीतरी कपडे धूत होतं, पाणी नसताना.

११ जानेवारी, शनि. सातारा

वसूकडे. बायकोकडे जाण्याला 'वसूकडे' म्हणणारा मीच. ती इथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, मी राहतो सांगलीत. तिची इकडं बदली झाल्यापासून माझा शनिवार एसटीत जातो. मंगळवार तळ्याजवळ तिच्या दोन खोल्या आहेत, तिथं माझा टॉवेल वेगळा टांगलेला असतो, पाहुण्याचा असतो तसा.

आता तिच्या संस्थेच्या सांगलीच्या शाळेत जागा होते आहे. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते मुख्याध्यापिकेला सांगायचंय. नाही म्हटलं तर निवृत्तीपर्यंत सातारा.

मी विचारलं नाही. बोलता बोलता फक्त सांगितलं की पूर्वेच्या खिडकीशी टेबल लावून घेतलंय, वह्या तपासायला उजेड बरा पडेल. मग मोरीत गवंडी लावलाय ते. मग सांगलीच्या हवेबद्दल दोन चांगले शब्द, ज्याला मोठी प्रतिभा लागते. ती मुलींनी काढलेले नकाशे तपासत होती. हं म्हणाली. अजिंक्यतारा धुक्यात अर्धा पुसलेला.

१४ जानेवारी, मंगळ. संक्रांत

तिळगूळ घेऊन कारखान्यात. चाचांनी पिंजलेल्या कापसाच्या ढिगातून हात वर काढला, ढगातून काढावा तसा.

आज उजेड. बाण नकोत, पाट्या नकोत. पुढं जायचं तिथं थोडा जास्त उजेड ठेवायचा, माणूस आपोआप वळतो आणि वर समजतो की आपणच ठरवलं. फार आवडला मला हा नियम. घाटापासून खाली पात्रात मी दिवे मांडत गेलो, एका दिव्याजवळ आलं की पुढचा दिसावा असे. सगळ्यात शेवटी सांगलीचा पूल, त्यावर एकच पिवळा दिवा. घाट वाईचा आहे. वसूच्या माहेरचा. तिला न विचारता, माझ्या आठवणीतून मांडलाय.

१७ जानेवारी, शुक्र.

नमाजनंतर कारखाना बंद होता म्हणून चाचांना खेळायला बसवलं. रेहानाचा सगळ्यात कडक नियम: कुणी खेळत असताना बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. चुकू दे, अडकू दे, आपल्याला शिव्या देऊ दे. ती माझ्याकडे बघून हे दोनदा म्हणाली.

चाचांनी मुलीला नीट पायऱ्यांपर्यंत आणलं आणि थांबले. देवळाचं दार उघडं, आत दिवा, दिव्याखाली किल्ली. किल्ली घेतल्याशिवाय पात्रात उतरता येत नाही. चाचा बाहेरच. डावीकडं गेले, उजवीकडं गेले, खांबामागं बघितलं. रेहाना हळूच वहीत लिहीत होती: दार दिसत नाही? उजेड कमी?

शेवटी चाचा म्हणाले, "आवं सर, चपला कुठं काढायच्या हितं?"

मी ओठ आवळून बसलो.

"पोरगी पायात घालूनच उभी हाय की. तशीच कशी जाईल आत? देऊळ असू द्या न्हाईतर दर्गा, आमी न्हाई बा नेनार."

आणि नाही नेली. उठले, खाली गेले.

२० जानेवारी, सोम.

आज शेजारच्या शिवणक्लासच्या बाई, मग त्यांच्या जाऊबाई, मग दूध पोहोचवणारा. सगळे पायरीशी थांबले. एकीनं बिचारीनं कळफलकावरचं प्रत्येक बटण दाबून बघितलं, चप्पल निघते का म्हणून. मुलगी उड्या मारत राहिली, चपलांसकट.

रेहानाला आधी वाटत होतं दारात काहीतरी अदृश्य अडथळा राहिलाय. अडथळा होताच, पण तिच्या काँप्युटरमध्ये नव्हता.

२१ जानेवारी, मंगळ.

आमचा गेम बाजारात आणणार आहेत त्या बेंगळुरूच्या मंडळींनी आज फोनवर खेळून दाखवलं. धाडधाड आत. किल्ली उचलली, मूर्तीसमोरून उडी मारून बाहेर. रेहानानं आणि मी एकाच वेळी मान खाली घातली.

संध्याकाळी ती म्हणाली, चपला काढायची सोय करू, सर. पायरीशी आलं की वाकून काढायच्या. आणि काढल्या की त्या तिथंच राहिल्या पाहिजेत. म्हणजे आपली वस्तू मागं आहे हे माणसाच्या मनात राहतं, तो परत येतो. परत आणायचं असेल तर ओढायचं नाही म्हणे, काहीतरी मागं ठेवू द्यायचं.

मी म्हटलं, हे तुला कॉलेजात शिकवलं? म्हणाली, नाही, आत्ता सुचलं.

२ फेब्रुवारी, रवि. सांगली

वसू आली. टेबल बघितलं, मोरी बघितली, बरं झालंय म्हणाली. मग म्हणाली, तुमचा तो घाट दाखवा.

कारखान्याच्या वरच्या खोलीत मी तिच्या मागच्या खुर्चीवर, जिभेला कुलूप. तिनं वाकून चपला काढल्या, किल्ली घेतली, पात्रात उतरली. समोर माझे दिवे, एकापुढं एक, थेट पुलापर्यंत. तिनं ते बघितले. आणि मुलीला पाठमोरी वळवून वरच्या अंगाला चालायला लागली.

तिकडं आम्ही काही बांधलेलंच नाही. धुक्याचा एक पडदा आणि त्यामागं भिंत. मुलगी भिंतीला टेकून जागच्या जागी चालत राहिली. वसूनं बोट उचललं नाही.

"इकडं का जाता येत नाही?"

रेहानानं माझ्याकडे बघितलं.

"नदी हरवली तर माणूस आधी मेणवलीकडं बघेल, धोमच्या धरणाकडं बघेल. कुठं अडलं म्हणून. खाली सांगलीला कशाला जाईल शोधायला?"

भूगोलाच्या बाईंनी बसल्या बसल्या माझी अख्खी गोष्ट बुडवली, तीही कोरड्या नदीत.

मग ती मुलीला परत घाटावर घेऊन आली. चपलांपाशी थांबली. बराच वेळ नुसती थांबली. विचारलं, पायरीवर बसायचं बटण कोणतं? रेहाना म्हणाली, बसता येत नाही, मॅडम. वसू म्हणाली, घाटावर बसता येत नाही?

संध्याकाळच्या गाडीनं गेली. पूल ओलांडताना फोन आला, धुकं इतकं आहे की खाली नदी आहे की नाही कळत नाही. एवढंच.

५ फेब्रुवारी, बुध.

लिहायला काही नाही. स्वप्नात मीच तो उभा ठोकळा. मागून कुणीतरी चालवत होतं आणि काही बोलत नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनि. सातारा

जेवणं झाल्यावर वसूनंच विषय काढला. आवाज चढवला नाही, नकाशावर जिल्हे दाखवावेत तसं बोलली.

"तुम्ही घरी पण हेच करता. टेबल, गवंडी, खिडकी. पुढं पुढं दिवे लावत जाता, आणि म्हणता मी कुठं काय म्हटलं."

उत्तर तयार होतं. चांगलं होतं, सदरात हमखास हशा आला असता. गिळलं. रेहानाची सवय लागली की काय.

मग म्हणाली, एकदा सरळ विचारा की.

विचारलं. "सांगलीला येतेस का राहायला?"

"आत्ता विचारलंत. आता मला बघू द्या."

तळ्याकाठी फिरायला गेलो. ती पुढं, मी दोन पावलं मागं. इतक्या वर्षांत हे उलटं असायचं, ते आज दिसलं. ती एका कठड्यावर बसली, मीही बसलो. पाण्यात पलीकडच्या घरांचे दिवे लांबट होऊन हलत होते. कुणी कुठं नेत नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरु.

रेहानाला म्हटलं, बसायची सोय करू. आणि वरची बाजू उघडू.

ती सावध. बेंगळुरूवाले म्हणतील माणूस बसला की कंटाळतो, कंटाळला की गेम बंद करतो. मी म्हटलं, वाईचा घाट इतकी शतकं बसलेल्या माणसांवर चाललाय. ती म्हणाली, बरं, वर काय ठेवू? शत्रू, कोडं, बक्षीस?

काही ठेवू नकोस. धुकं. दगड. फार लांबून पाण्याचा आवाज, येतोय की नाही अशी शंका वाटावी इतका.

"काहीच नाही ते बांधायलाच सगळ्यात वेळ लागतो, सर."

मग तिनं खाली जाऊन चाचांची कापूस पिंजायची धनुकली वाजवून घेतली, आवाज टिपला. तिची ती तार, कापसातून घुमणारी. ती संथ करत करत नेली तर नदीच.

मी दुपारभर माझे दिवे काढत होतो. पुलावरचा तेवढा ठेवला. काढायला हात गेला होता. ठेवला.

२६ फेब्रुवारी, बुध. महाशिवरात्र

शाळेला सुट्टी, वसू सकाळच्या गाडीनं आली. उपास. चाचांनी खालून रताळी उकडून पाठवली, वर निरोप, म्हणावं बसायचं कामबी झालंय, आता बघा.

ती खेळायला बसली. पायरीशी आली, चपला काढल्या. बसली. नव्या बटणानं मुलगी अलगद टेकते, हात गुडघ्यांवर. बाकी काही घडत नाही. कापसाचे तंतू खोलीत तरंगत होते आणि तसेच पडद्यावर, कुठले कुठले ते कळेना.

वसू हळूच बोलायला लागली. कुणाशी ते ठरवून नाही. याच पायरीवर आई धुणं ठेवायची. पाय पाण्यात सोडून बसलं की मासे टोचायचे. मी नदीला नाही हो सोडून आले, माझं फक्त लग्न लावून दिलं. मग नोकरीनं साताऱ्याला आणलं. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, बदलीच होती. तळ्याजवळचं घर तेवढं मी स्वतः शोधलं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऐकलं नव्हतं.

मग ती उठली, आणि वरच्या अंगाला चालत गेली. या वेळी भिंत नव्हती. धुक्यात मुलगी लहान होत गेली, मग नुसता पाण्याचा आवाज, मग तोही शंकेपुरता. मागं पायरीवर चपला. रेहाना खुर्चीत पुढं सरकली. मला माहीत होतं ती काय बघत्येय: येते का परत.

वसूनं बटणावरचा हात काढला.

"एवढ्यावरच राहू दे आज. गाडी आहे माझी."

जिन्यात तिनं तिच्या खऱ्या चपला घातल्या, त्यांवर बसलेला कापूस फुंकला. स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा होतो. खिडकीतून रताळ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरु.

उद्या तिला शाळेत सांगायचंय. सकाळी फोन आला तो धुण्याच्या बाईंचा पगार, गॅस, असल्या गोष्टींचा. मी तिकडचा आवाज ऐकत होतो. मागं मुली प्रार्थनेला जमत होत्या.

कारखान्यात वरच्या खोलीवर गेलो तर पडदा कालचाच. रेहानानंही बंद केला नव्हता, मीही. पायरीवर चपला, जोडीनं, थोड्या तिरक्या. वर धुकं. पुलावरचा दिवा चालू.

रेहाना चहा घेऊन आली. म्हणाली, सर, दुपारी बेंगळुरूवाल्यांना दाखवायचंय, पहिल्यापासून चालू करू?

दुपारपर्यंत तरी राहू दे म्हटलं.

ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. खाली चाचांची धनुकली सुरू झाली. आम्ही दोघं गप्प, नियमाप्रमाणे.