श्रावणातला स्टिंगरे

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. सुकन्या बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली आणि जाताना तिचा स्टिंगरे काचेच्या टाकीसकट माझ्या गळ्यात टाकून गेली. म्हणायचा मासा, पण दिसतो भाकरीसारखा. चपटा, डोळे वर, तोंड पोटाखाली. फ्रीजरमध्ये त्याचे झिंगे! माझ्या घरात श्रावणात झिंगे? पाकीट गल्लीतल्या मांजरीला दिलं. जीव सवयीचा असतो. पोरगी येईपर्यंत शाकाहारी करून दाखवते.

२६ जुलै
भिजवलेली मटकी टाकली. शिवली नाही त्यानं. शनिवार असेल त्याचा.

२८ जुलै, सोमवार
कणकेच्या गोळ्या, उकडलेला वाटाणा. पाणी गढूळ. हे म्हणाले, अगं, उपाशी मरंल की तो. म्हटलं, तुम्ही दर श्रावणात मरता का?

२ ऑगस्ट
यश! मासा टुणटुणीत. मी हरिपाठ म्हणताना हे येऊन बसले की तोही काचेवर चढतो, कडा हलवत डोलतो. तळाशी वाटाणा उरत नाही. हेही सुधारले. टीव्ही सोडून दुपारभर माशाजवळ. संगतीचा गुण, दुसरं काय.

५ ऑगस्ट, एकादशी
भजनी मंडळात सांगितलं. केवळाबाईला खरं वाटेना. म्हणाली, उद्या म्हणाल मांजर माळकरी झालं. म्हटलं, गुरुवारी या अन् बघा.

७ ऑगस्ट
मंडळ आलं. टाळ वाजले, स्टिंगरे काचेवर चढला. बायांनी हात जोडले. केवळाबाई चष्मा पुसून पुढं झाली. पांढऱ्या पोटावरचं तोंड काहीतरी चावून राहिलेलं, बाहेर दोन लांब मिशा लोंबत होत्या. म्हणाली, वैनी, तुमच्या महाराजाला मिशा फुटल्या की हो!
हे स्वयंपाकघरात सटकले. नंतर कबूल झाले. रोज इतवाऱ्याच्या बाजारातून झिंगे आणायचे, माझे वाटाणे उपसून फेकायचे. वर म्हणतात, पोरीचा जीव हाय त्याच्यात. ह्यांना टाकीजवळ बंदी. आता कडक श्रावण.

१४ ऑगस्ट
काचेवर येत नाही. वाळूत पडून. हे म्हणतात, खंगून राहिला. मी म्हणते, ध्यान लागलं.

१७ ऑगस्ट, रविवार
शेपटीच्या मुळाशी दोन हाडं वर आलीत. कडा करपल्या पापडासारख्या वळल्या. हरिपाठ दोनदा म्हटला. हलला नाही. सुकन्याचा व्हिडिओ कॉल आला, उचलला नाही. नेटवर्क नसतंच आमच्याकडं. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

१८ ऑगस्ट, सोमवार
महादेवाला बेल वाहिला, तशीच इतवाऱ्यात गेले. कपाळावरचं भस्म बघून झिंगेवाली म्हणाली, मावशी, वाट चुकलात काय, देऊळ तिकडं राहिलं. म्हटलं, पावशेर दे, अन् ताजे दे.
घरी स्वतः सोलले. पहिला तुकडा पडून राहिला. दुसराही. तिसरा बोटात धरून हात तळाशी नेला, तर हळूच सरकत आला अन् अख्खं अंग माझ्या बोटांवर घातलं. चावलं. गिळलं. मी हात काढलाच नाही.
मागून हे म्हणाले, काय मग? म्हटलं, काय मग काय? उद्यापासून झिंगे मीच आणणार. तुम्ही शिळे आणत होता. तुम्हाला कोथिंबीर तरी कुठं निवडता येते!