तुझा दगड कोणता

बाबा, आज नागपूरच्या कॉलेजात पुन्हा ती आफ्रिकेतली कादंबरी शिकवली. गोरा साहेब निघून गेल्यावर राजधानीतले आपलेच लोक डोंगरातल्या जमातीचं तांबं खणून नेतात आणि वर त्यांनाच जंगली म्हणतात, ती. उमरेडकडच्या आपल्या घरी चुलीपाशी बसून मी तुला तिची गोष्ट सांगितली होती. तू नुकताच कोळसा खाणीतून आलेला. आपलं वावर गिळलेल्या त्याच खाणीतून. भाकर मोडता मोडता ऐकून राहिला होतास. मी नवी नवी एम.ए. झालेली, मोठ्या ऐटीत म्हटलं, याला अंतर्गत वसाहतवाद म्हणतात. तू म्हणालास, "नाव बी हाय का याले? बरं झालं वं. मले वाटे आपलंच नशीब फुटकं." तेव्हा मी हसले होते. आता ते वर्गात सांगायला जाते आणि अर्ध्यावरच पुस्तक मिटते.

यंदा खाण गावापर्यंत आली. आपण गोंड लोक गेलेल्या माणसाचा दगड मांडतो, त्यावर नावबिव काही घालत नाही; तुझ्याही घातलं नव्हतं. कंत्राटदारानं ते सगळे दगड मशीननं उचलले, ट्रॉलीत भरले आणि गावाला दिलेल्या नव्या वस्तीवर मुरूम ओततात तसे ओतले. वर खाणीचा साहेब मला सांगतो, "मॅडम, एकही दगड हरवू दिला नाही." काय बोलावं, कप्पाळ!

मी पोचले तेव्हा आत्या त्या ढिगाभोवती फिरत होती. एकेक दगड चाचपायची, ठेवून द्यायची. "काहून वं आत्या, सापडत नाही का?" म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली, "माह्या भावाची जागा मले मालूम होती, बाई! दगड कोन पाहून ठेवला होता?" आणि तिथंच मातीत बसून रडायला लागली.

शेवटी गावानं ठरवलं, सगळे ओळीनं मांडायचे आणि प्रत्येक घरानं सगळ्यांनाच हळद लावायची. मीही लावली. याआधी लिहिलेलं पत्र तुझ्या दगडापाशी ठेवीन म्हणून पर्समध्ये घेऊन गेले होते, तसंच परत आणलं. कोणापुढे ठेवणार? बसस्टँडपर्यंत सोडायला आलेली आत्या म्हणाली, "जाऊ दे पोरी, सारे आपलेच हायेत." मी मान हलवली.

पण बाबा, मला सारे नको होते रे. मला तू पाहिजे होतास.