पांढऱ्या गाडीची खोड

मी, नीलम्मा भ्रतार मलप्पा हलकुडे, वय एकाहत्तर, धंदा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, राहणार लातूर, हे मृत्युपत्र दवाखान्याच्या खाटेवर बसून सांगते आहे आणि माझी सून मंजुश्री ते लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे आणि डॉक्टर ते उद्या सकाळी उघडणार आहेत. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणी दाब टाकलेला नाही. उलट आज दाब मीच टाकणार आहे. कोणावर, ते पुढे येईल.

घाई एका गाडीपायी आहे. आमच्या कार बाजारात एक पांढरी, सात जणांची गाडी उभी आहे. माझा मुलगा श्रीशैल ती लोह्याच्या ग्यानोबा कदम या शेतकऱ्याला विकतो आहे. इसार घेऊन झालाय. ताबा उद्या सकाळी द्यायचा, म्हणजे मी आत टेबलावर असताना. हा मुहूर्त पंचांगातला नाही, श्रीशैलने काढलेला आहे. ग्यानोबा स्वतःची मुलगी आरती आणि शेजारपाजारच्या पोरी तिच्यात बसवून रोज नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नेणार आहे. आणि ती गाडी एक गाडी नाही. एका गाडीचं तोंड दुसरीच्या धडाला वेल्डिंग करून जोडलंय, वर रंग मारलाय. टक्कर झाली तर जीव वाचवणाऱ्या एअरबॅगा तिच्यात नाहीत, नुसती झाकणं आहेत. श्रीशैलला हे सगळं ठाऊक आहे, ग्यानोबाला काहीच नाही. या घडीला ग्यानोबा बाहेर बाकावर बसलाय. मला बघायला शहाळं घेऊन आलाय बिचारा. श्रीशैल त्याच्या शेजारी बसून आहे, त्याला एकटा सोडत नाही.

आता कलमं.

कलम एक. भूकंपानंतर आम्ही बांधलेलं घर श्रीशैल आणि मंजुश्री या दोघांच्या नावे. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील. एकट्या श्रीशैलच्या सहीवर आज माझा भरवसा नाही.

कलम दोन. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणाला. दागिने मंजुश्रीला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणून. लिही गं, लाजू नको.

कलम तीन. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि उजेड पाडायची बॅटरी ही माझी हत्यारं. ज्याच्याकडे कार बाजार जाईल त्याच्याकडे ही जावीत. चुंबक पत्र्यावरून फिरवावं. जिथे चिकटत नाही तिथे ठोकर बुजवायला पत्र्यावर पुट्टी भरलेली आहे. दाराचं रबर ओढून आतली कड बघावी. कंपनीचा जोड सरळ ठिपक्याठिपक्यांचा असतो, गॅरेजवाल्याचा जोड ओबडधोबड. पायाखालची चटई उचलून वास घ्यावा, पुरात बुडालेली गाडी वासाने सापडते. गाडी धुऊन पुसून चकाचक करून दाखवली तर आदल्या दिवशी न कळवता पुन्हा जावं. इंजिन थंड असताना सुरू करायला लावावं. गावचा ड्रायव्हर पारखायला न्यायचा असेल तर जरूर न्यावा, पण त्याचं चहापाणी आपण करावं, विकणाऱ्याला करू देऊ नये. आमच्या भागात माणसं बैलाचे दात मोजून घेतात आणि गाडी घेताना नुसता आरसा बघून नारळ फोडतात. नारळ फुटला की गाडी परत करणं अपशकुन! कुणी लावून दिलं हे? विकणाऱ्यांनीच लावलं असणार.

आणि चावीचं सांगते, कारण पांढऱ्या गाडीची खोड मला तिथेच सापडली. चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. समोर सगळे दिवे पेटतात. एअरबॅगचा दिवा थोड्या वेळाने आपला आपण विझला पाहिजे. पांढऱ्या गाडीचा विझेना. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दिवा विझला, त्याच्यासोबतच हाही विझला. दोघांची एकच वायर! म्हटलं, नीलम्मा, इथे कोणीतरी डोकं लावलंय.

कलम चार. माझा भाचा रुद्रेश याला माझ्या मालमत्तेतलं काहीही नाही, माझा फोटोसुद्धा नाही. धर्माबादच्या एका भल्या अडत्याने याच्या भरवशावर नावबदलीच्या कोऱ्या कागदांवर सह्या करून गाडी विकली. गाडी तीन हातांतून फिरली, नावावर कोणीच केली नाही. मग तिने एक माणूस उडवला आणि पोलीस आले अडत्याच्या दारात. रुद्रेश म्हणाला, समद्यांचं असंच चालतंय मामी. म्हणून सांगते, गाडी विकणाऱ्याने कोऱ्या कागदावर सही करू नये. घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि ताबा दिल्याची वेळ लिहून घ्यावी, आणि आरटीओत नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तेलंगणा पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून पळत जाऊ नये. तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

कलम पाच हे ग्यानोबासारख्यांसाठी. पांढऱ्या नंबरपाटीच्या, म्हणजे खाजगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेऊ नयेत. अपघात झाला की विमावाले हात वर करतात. भाड्याने लावायची तर परमिट काढून पिवळी पाटी लावावी. दुसऱ्याची गाडी महिन्याच्या भाड्याने घ्यायची तर टायर कोणाचे, सर्व्हिसिंग कोणाचं, अपघाताचा खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं पहिल्या पंक्चरपर्यंतच टिकतं.

मधेच श्रीशैल दारातून डोकावून गेला. ग्यानोबांना लोह्याला निघायचंय, एस.टी. चुकेल म्हणाला. मी म्हटलं, चुकू दे, त्यांना बसव. मंजुश्रीने वही हाताने झाकली.

कलम सहा. कार बाजार. माझे मालक मलप्पा आधी हाळीच्या बैलबाजारात दलाली करायचे. त्यांची एक रीत होती. बैल मारका असो की बसका, विकणाऱ्याने त्याची खोड दोन माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायची, मगच दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. खोड सांगूनही बैल विकला जायचा, फक्त भाव उतरायचा. बैल सुटले, गाड्या आल्या, रीत तीच ठेवली. आमच्याकडे भंगारात जायच्या लायकीच्या गाड्याही आल्या, त्या भंगारातच गेल्या.

श्रीशैलने ही रीत मोडली. गेल्या आठवड्यात मी त्याला चावीचा दिवा दाखवला. तो म्हणाला, "अव्वा, लई पैसा अडकून राहिलाय. गाडी सरळ चालते न्हवं? लोक रंग बघतात." मी म्हटलं, तुझ्या पोरीला तिच्यात बसव आणि नांदेडला जाऊन ये. दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेला उशीर झाला होता. गाडी समोर उभी होती, तरी त्याने तिला स्कूटरवर नेलं. ते मी खिडकीतून बघितलं. माझं हृदय त्या दिवशी दुखलं, डॉक्टरांची तारीख नंतरची आहे.

कोणी विचारील, ग्यानोबा बाहेरच आहे तर नीलम्मा, तूच का सांगत नाहीस? मी सांगितलं तर ही गाडी थांबेल, पोरगा थांबणार नाही. पुढची गाडी येईल तेव्हा मी नसेन. म्हणून लिहून ठेवते: सह्या होण्याआधी मी ग्यानोबाला आणि डॉक्टरांना साक्षीला आत बोलावीन. त्या दोघांसमोर माझ्या घरातलं जे माणूस पांढऱ्या गाडीची खोड स्वतःच्या तोंडाने सांगेल, कार बाजार त्याचा. कोणीच बोललं नाही तर मी हा कागद मोठ्याने वाचीन आणि कार बाजार विकून टाकावा. आरती कदम त्या गाडीत बसणार नाही, हे नक्की. बाकी श्रीशैलच्या हातात आहे.

कलम इथे अर्धं सोडून दोघांना आत बोलावलं. पुढचं घडलं तसं लिहायला सांगते आहे.

डॉ. सत्यम भिंतीला टेकून उभे राहिले. ग्यानोबाने चपला बाहेर काढल्या. मी म्हणाले, "श्रीशैल, गाडीची खोड सांग." तो खिडकीकडे बघायला लागला. ग्यानोबाने विचारलं, काय झालं मावशी, कोणती खोड? श्रीशैलने तोंड उघडलं. मला वाटलं, आलं आता. त्याने ओठ मिटले. मी पुन्हा विचारणार नव्हते, कारण ओढून काढलेली खोड मलप्पांनी कधी धरली नाही. पण माझा जीव नुसता त्याच्या तोंडाकडे लागला होता. बोल रे बाळा, बोल, असं मी मनात म्हणत होते.

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मंजुश्री उठली. लग्न होऊन आल्यापासून परक्या पुरुषासमोर ती कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, "भाऊ, ती गाडी घेऊ नका. दोन गाड्या जोडून एक केलेली हाय. एअरबॅगा न्हाईत. आरतीला तिच्यात बसवू नका."

ग्यानोबा स्टुलावर बसला. रागावला नाही, ते बघवेना. श्रीशैलला एवढंच म्हणाला, "शेठ, इसाराच्या दिवशी तुम्ही माझ्या लेकीच्या हातानं नारळ फोडून घेतला."

श्रीशैल बाहेर गेला. लांब गेलेला नाही, दाराच्या फटीतून त्याची चप्पल दिसते आहे.

म्हणून कलम सहा पूर्ण करते. कार बाजार, चुंबक, बॅटरी आणि पाटीवरचं हलकुडे हे नाव सौ. मंजुश्रीचं. ग्यानोबाचा इसार आजच्या आज परत करावा.

कलम सात. पांढरी गाडी श्रीशैलला. त्याने ती विकू नये, भाड्याने देऊ नये, कोणाला बसवू नये. स्वतः एकट्याने चालवावी, नाहीतर भंगारवाल्याकडे न्यावी. एक चावी त्याच्याकडे आहे. दुसरी माझ्या कनवटीला होती, ती मंजुश्रीकडे दिली.

यापूर्वी मी दुसरा कुठला कागद केलेला नाही. हा वाचून घेतला, समजला, आणि मी सही करते आहे.

ठिकाण: लातूर. दिनांक १२ फेब्रुवारी २०२५.

नीलम्मा मलप्पा हलकुडे (सही)

साक्षीदार: डॉ. सत्यम बिरादार, लातूर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)

साक्षीदार: ग्यानोबा किशनराव कदम, लोहा. खोड ऐकली. दावं घेतलं नाही. (सही)

लिहिणार आणि खोड सांगणार: सौ. मंजुश्री श्रीशैल हलकुडे (सही)

त्याखाली 'खोड मला ठाऊक होती' एवढं लिहून श्रीशैलच्या सहीची जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. कागद मंजुश्रीकडे राहील, पेनही. उद्या मी शुद्धीवर आले तर आधी ती जागा बघीन.