सं. विश्रांती

विटा, ता. २९ मे

ती. अंजनावन्संना संयोगिताचा वाकून नमस्कार.

माझं लग्न होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा भाकरी थापता थापता आत्याबाईंनी सासूच्या अधिकाराने मला एक वाक्य सांगितलं होतं. "पोरी, ह्या घरातला गडी गप बसला तर भ्यायचं न्हाई. पर बिनकामाचा हसाय लागला की समजायचं, कायतरी लपवतोय." बावीस वर्षं तुमच्या बंधूंनी मला या वाक्याची गरज पडू दिली नाही. यंदा मार्चमध्ये मात्र ते हसायला लागले.

तुमची तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा? तिकडे वळिवाने झोडपलं असं ऐकलं. आणि आत्याबाई कशा आहेत? खरं तर एवढं एकच विचारायचं आहे. मी नऊ वेळा फोन केला. आठ वेळा तुम्ही उचलला नाहीत आणि नवव्या वेळी उचलून "आई झोपलीय" म्हणालात. सकाळचे दहा वाजले होते. सकाळी दहाला झोपलेल्या आत्याबाई मी बावीस वर्षांत पाहिलेल्या नाहीत (आपल्याला झोप लागते हे त्या रात्रीसुद्धा कबूल करत नाहीत). म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून बंद पडतो, पत्र दारात पडून राहतं.

तुमच्या कानावर आलंय ते असं, की जयराज आणि त्याची बायको (म्हणजे हे आणि मी) गाडी काढून तीन राज्यं फिरले आणि भावाभावांच्या दारात जाऊन 'म्हातारीला कोण घेता का' असं विचारत सुटले. मोठ्या जाऊबाईंनी ते तुम्हाला फोनवर सांगितलं, तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत (किंवा त्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं, त्यांचे कान मोबाइलच्या टॉवरपेक्षा बरे आहेत), आणि आता त्या म्हणतात की विट्याच्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी, आमच्या प्रवासापुरतं त्यांना तुमच्याकडे ठेवायचं ठरलं तेव्हा, कोयनानगरला जमीन हलते म्हणून त्या यायला तयार नव्हत्या. आता तिथे जमीन हलली तरी त्या हलणार नाहीत. वन्सं, त्यांना घरी आणायचं आहे. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते. वाचलंत की तुमच्या लक्षात येईल, सगळ्यांत शेवटी कळलं ते मला.

पंधरा वर्षं फौजेच्या गाड्या चालवून आल्यापासून तुमचे बंधू वेशीबाहेर जायचं म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. तेच मार्चमध्ये गालातल्या गालात हसत म्हणाले, मे महिन्यात आपण गाडीने भावांकडे जाऊ. दावणगिरीला आकारामदादा, मग सेलमला रवी, मग त्रिशूरला वीरधवल. आपल्याकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यापायी, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी, देशभर पांगली आहेत, आणि त्यांच्याकडे कधी जायचंच झालं तर लग्नाला नाहीतर मातीला. नुसतं भेटायला कोण जातं? मला पहिला संशय जमिनीच्या वाटणीचा आला. दुसरा, आमच्या लेकीला, समीक्षाला, परस्पर स्थळ पाहिलं असावं असा. तिसरा संशय वडीलधाऱ्या नणंदेला लिहिण्यासारखा नाही (ते अचानक दाढीनंतर काहीतरी सुगंधी लावायला लागले होते. ती समीक्षाची क्रीम निघाली, तीही पायांच्या भेगांची).

प्रवासाचं फार सांगत नाही. मोबाइलमधली बाई रस्ता सांगत होती, पण "हिला कुणी सांगितलं?" असं म्हणून यांनी हुबळीच्या अलीकडेच तिचा आवाज बंद केला. यांचा विश्वास फक्त एमएच दहा नंबरच्या ट्रकवर. सांगलीची गाडी चुकीच्या रस्त्याने जाणारच नाही असं म्हणून आम्ही बेदाण्याच्या एका ट्रकमागे गदगच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर गेलो. ट्रक अजिबात चुकला नव्हता. त्याला गदगलाच जायचं होतं.

दावणगिरीला चंद्राबाईंनी, म्हणजे मोठ्या जाऊबाईंनी, दार उघडलं आणि पाणी द्यायच्या आधी विचारलं, "काय काम काढलंसा?" सहज आलो म्हटल्यावर त्यांनी आकारामभाऊजींकडे पाहिलं. जेवताना पुन्हा विचारलं, भांडी घासताना तिसऱ्यांदा. संध्याकाळी दोघे भाऊ गच्चीवर गेले. चहा घेऊन मी जिना चढले तसे दोघेही टाकीत पाणी किती आहे ते बघू लागले. खाली आल्यावर भाऊजींनी बायकोला आत बोलावलं. आमचं चार दिवस राहायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते तर जाऊबाई तांदूळ, खण आणि नारळ घेऊन समोर उभ्या. ओटी भरली म्हणजे पाहुणीने निघायचं, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. मी अर्धी वेणी तशीच ठेवून ओच्यात नारळ घेतला. वर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या नजरेत चक्क दया होती. चंद्राबाईंना माझी दया आली म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हे मी तिथेच ओळखलं.

आणि त्याच दिवशी मला कागद सापडला. यांनी चष्मा मागितला म्हणून मी गाडीचा कप्पा उघडला, तर आत वहीचा चौघडी कागद. वर पट्टीने आखून 'ड्यूटी' लिहिलेलं. खाली चौकोन: आकाराम, जून-जुलै. रवी, ऑगस्ट-सप्टेंबर. वीरधवल, ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि तळाला, दोन रेघा मारून, 'सं. विश्रांती, जून ते नोव्हेंबर'.

वन्सं, तुम्ही असता तर काय समजला असता? सहा महिने संपूर्ण विश्रांती! डॉक्टरांनी सांगितलेली, बायकोपासून लपवलेली, आणि दवाखान्यात उशाशी बसायला तीन भावांच्या पाळ्या लावलेल्या. म्हणजे हे हसणं शेवटचं होतं, आणि भावांची ही भेटही. मी कागद होता तसा घडी करून ठेवला आणि चष्मा दिला. त्यानंतरचे साडेतीनशे किलोमीटर मी तुमच्या भावाची जी सेवा केली ती बावीस वर्षांत केली नव्हती. त्यांच्या पुढची मिरची उचलली. बॅगा मी वाहिल्या. कृष्णगिरीच्या पुढे चाक पंक्चर झालं, तेव्हा यांच्या हातातून जॅक काढून घेतला आणि यांना झाडाखाली बसवलं. धर्मपुरीला मी विचारलं, छातीत कसं वाटतंय. ते म्हणाले, गाडीच्या? त्यांनाही माझा संशय येऊ लागला होता. मला सगळं कळलंय आणि मी टोमणे मारतेय असं ते धरून चालले होते. दोघेही एकमेकांकडे चोरून बघत सेलमला पोचलो.

सेलमला रवीभाऊजींचं दुकान खाली आणि घर वर, जिना दुकानातूनच. भाऊ पुन्हा कोपऱ्यात गेले. रवीभाऊजींची रेश्मा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ताई, तुमी हाय म्हणून हाय. दुसरी कवाच पळाली असती." मी पदराने डोळे टिपले. (तिच्या मनात आत्याबाई होत्या, माझ्या मनात यांचं दुखणं होतं. आम्ही दोघी एका विषयावर अर्धा तास बोललो आणि विषय दोन होते.) दिवेलागणीला तिने ओटी भरली. दावणगिरीला निदान एक रात्र मिळाली होती. पण खाली उतरल्यावर रेश्माने पितळेची परात आणली, मला तीत उभं केलं आणि स्वतःच्या हाताने माझे पाय धुतले. धाकटी जाऊ, परमुलखात, थोरल्या जावेचे पाय धुते! संकटातल्या बाईला एवढा मान देतात तर संकट केवढं असेल, असं वाटलं. मग तिने ते पाणी मोरीत न ओतता एका निळ्या पिंपात ओतलं आणि यांना म्हणाली, मोजे ठेवून जावा.

गाडीत बसल्यावर यांनी सांगितलं, की गलाईच्या दुकानातली धूळसुद्धा टाकत नाहीत. फरशीवर सोन्याचे कण पडतात, ते तळव्यांना चिकटतात, म्हणून झाडलोट आणि पाय धुतलेलं पाणी साठवून पुन्हा गाळतात. यांचे मोजे अजून सेलमलाच आहेत.

त्रिशूरला वीरधवलभाऊजी एकटेच होते, बायको-मुलं मे महिन्यासाठी तिच्या माहेरी गेलेली. दोघे भाऊ बोलत असताना मी या वेळी चहा घेऊन गेले नाही, सरळ मध्ये जाऊन बसले आणि रडायला लागले. भाऊजी, यांना काय झालंय ते मला सांगा, मी सगळं सोसेन, असं बरंच काही बोलले. वीरधवलभाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"वहिनी, दादा ठणठणीत हाय," ते म्हणाले. "आईची ड्यूटी लावाय आलाय त्यो. दोन-दोन महिनं आमी ठेवून घ्यायचं म्हणतोय."

मग 'सं. विश्रांती' काय, असं मी विचारलं. तुमचे बंधू जमिनीकडे बघत म्हणाले, "सं. म्हंजे तू."

नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं हो. समोरासमोर बसून विचारलं की सख्खे भाऊ नाही म्हणत नाहीत, अशी यांची समजूत होती, म्हणून फोन न करता आम्ही हा सगळा मुलूख तुडवला. दावणगिरीत बघू म्हणाले. सेलमला आईला भाषा कळायची नाही म्हणाले. वीरधवलभाऊजी बायकोला विचारून सांगतो म्हणाले, आणि निघताना सोललासुद्धा नाही असा नारळ माझ्या हातात देत म्हणाले, वहिनी, हीच ओटी समजा.

परतीच्या वाटेवर पालघाटच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी भांडायचं ठरवलं. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं विचारलं.

"तूच म्हणालीस," ते म्हणाले. "शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. गोधड्या धूत हुतीस."

मी आठवून पाहिलं. नळ गळतो हे मी या माणसाला चार वर्षं सांगते आहे. गोठ्याचा पत्रा उडाला हे सांगितलं तेव्हा त्यांना ते दुसऱ्या पावसाळ्यात ऐकू आलं. आणि गोधडी आपटताना, नळाच्या आवाजात, कुणाला उद्देशून नाही असं एक वाक्य तोंडातून गेलं, ते मात्र यांनी ऐकलं, आखलं, आणि गाडीत पेट्रोल भरलं. मी चहा संपवला. भांडण तिथेच राहिलं.

घरी येऊन आठ दिवस झाले. सकाळी दूध घालायला अंजनाबाई (तुमच्याच नावाची, खालच्या आळीतली) येते, तिच्या दुधात कुणी बोट घालून बघत नाही. तिने परवा पाणी घातलं असा मला संशय आहे, पण तोंडावर विचारायची माझी प्राज्ञा नाही. ते खातं आत्याबाईंचं. दुपारी मी हाक येईल म्हणून दोनदा उठते. त्यांना सांगा, की त्यांना कुणीही वाटून टाकलेलं नाही. त्यांच्या मुलाला यादी करायची सवय आहे आणि सुनेला ती नीट वाचता येत नाही, एवढंच झालं. येत्या रविवारी हे गाडी घेऊन येतील. त्यांनी पिशवी भरून ठेवावी. दाजींना नमस्कार.

तुमची
संयोगिता

ता. क. हे पत्र तुम्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवाल आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतील, अशी माझी खात्री आहे. आत्याबाई, नमस्कार करते.

ता. क. दुसरा. हा मात्र मनातल्या मनात वाचा, वन्सं. गोधड्या धुताना मी काय म्हणाले ते वर लिहिलं नाही. "कुणीतरी दोन महिने न्या गं आत्याबाईंना," असं म्हणाले होते. तुम्हाला वाटेल तोंडातून निसटलं. निसटलं हे खरं, पण खोटं नव्हतं.

ता. क. तिसरा. तुमच्या भावाच्या तक्त्यात तुमचं नाव नव्हतं. लेकीला काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारते. रविवारी त्यांना घरी पाठवा, आणि पुढच्या मे महिन्यात तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने, आपणहून त्यांना पंधरा दिवस राहायला बोलवा. म्हणजे त्यांना कुणी धाडलं असं होणार नाही. आष्ट्याला माझी आई ऐंशीची झाली. अकरा वर्षांत मी तिच्याकडे दोन रात्रींच्या वर राहिलेले नाही. दर वेळी तिसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली की ती फाटकापर्यंत येते. एवढं सगळं लिहून शेवटी हे मागते म्हणजे मी किती निर्लज्ज आहे ते तुम्हाला कळलंच असेल. लेकीच्या घरी आई पंधरा दिवस राहिली तर लोक काय म्हणतील, असं म्हणून तुम्ही नाही म्हणणार, हेही मला ठाऊक आहे. तरी मागते. पंधरा नाही तर दहा.