ऑटो काढलेली मोटर

महाळुंगे पडवळ, रविवार संध्याकाळ

लढाईचा गेम आज एकदाही बंद पडला नाही. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, काढून जुना टाकला, एवढंच केलं. हे आधी का केलं नाही?

इतके दिवस खेळ रंगात आला की स्क्रीन काळी व्हायची. मी आप्पांना ठामपणे सांगितलं होतं, विहिरीवरची मोटर सुरू होते तेव्हा व्होल्टेज पडतं, दोष तिचा. तपासलं काहीच नव्हतं. मुलगा इंजिनिअर, म्हणून वडिलांनी खरं मानलं.

मोटरला ऑटो आहे. संध्याकाळी शेतीची लाईट आली की ती आपोआप सुरू होते. माझ्या खेळात अडथळा नको म्हणून आप्पांनी तो ऑटोच काढून ठेवला, मला न सांगता. सकाळी वाफ्यांवर गेलो तेव्हा कळलं. कांद्याचं रोप पिवळं पडलं होतं, अर्धं तर वाळलंच होतं. शेजारचे बबनभाऊ बांधावरून ओरडले, "आप्पा, पोराच्या लढाईत रोपच मारलं व्हय राव!"

आप्पा हसले. "दिसभर कामच करतंय ते. तेवढंच खेळतंय."

म्हणजे मोटर बंद होती, आणि तरीही स्क्रीन काळी होत होती. तेव्हा कुठे मला ड्रायव्हर आठवला.

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. मघाशी शेतीची लाईट आली. मी ड्रायव्हर तपासायचा म्हणून खेळतच होतो. आप्पा दारात येऊन थांबले.

"लावू का रं मोटर? का डाव चाललाय अजून?"

विहीर त्यांची, रोप त्यांचं. आणि विचारत होते मला.